भरलेल्या बाटल्या

आमची पलटण अर्धवेळ होती. वर्षातले दहा महिने माणसं आपापल्या कामावर असत आणि उन्हाळ्यात दोन महिने वर्दी घालून शिबिरात येत. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. संपादकांनी रजा देताना बजावलं होतं की शिबिराबद्दल एक ओळही छापायची नाही. पलटणीनेही तेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. त्यामुळे प्रश्न विचारण्याची माझी सवय त्या दोन महिन्यांत कोणाच्याच उपयोगाची नव्हती.

शिबिर शहराबाहेरच्या माळावर होतं. पत्र्याच्या बराकी आणि भोवती काटेरी तार. तारेपलीकडच्या रस्त्यावरून काटोलच्या एसटी जात. दुपारी बराकीत झोप लागणं शक्य नसे, म्हणून आम्ही दाराच्या सावलीत बसून एसटी पाहत असू. आत आलेला माणूस शिबिर संपेपर्यंत आतच राही. नको वाटलं म्हणून नाव काढून घेण्याची सोय नव्हती. न सांगता गेलेल्याला पोलीस घरून घेऊन येत.

आमच्या सेक्शनचा प्रमुख एक नाईक होता. काटोलकडच्या एका खेड्यातला, दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राखणीला. दीक्षेच्या वर्षी तो बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला आला होता, एवढं त्याने एकदा सांगितलं होतं. पलटणीत त्याला बाहीवर दोन फिती मिळाल्या, तेव्हापासून गावच्या शाळेत पंधरा ऑगस्टला त्याला झेंड्याजवळ उभं राहायला बोलवत. त्याचा बाप त्या शाळेच्या फाटकाच्या आत कधी गेला नव्हता. हेही त्यानेच सांगितलं, पण एकाच वाक्यात, आणि लगेच बुटाला पॉलिश करायला लागला.

सेक्शनमध्ये इतवारीच्या धान्यबाजारातला एक हमाल होता. तो सतत बोलत असे. सीताबर्डीवरच्या कापडदुकानात विक्रेता असलेला एक जण होता, तो फारसा बोलत नसे. बाकीचे होते ते असेच कुठून कुठून आलेले.

मे महिना अर्धा उलटला होता. लांब चालीचा दिवस होता. पहाटे फॉल-इन झाल्यावर सुभेदारांनी हुकूम वाचला. सुभेदार कायम फौजेतले, आमच्यासारख्यांना शिकवायला पाठवलेले, पिकल्या मिशांचे. ते म्हणाले, "कमान अफसर साहब का हुकुम है. दूसरे हॉल्ट तक कोई बोतल नहीं खोलेगा. हॉल्ट पर बोतल चेक होगी. भरी हुई चाहिए."

कमान अफसर म्हणजे पलटणीचे कर्नल. ते त्याच वर्षी बदलून आले होते. ते जीपने पुढे गेले. आमच्या कंपनीचे कॅप्टन दुसऱ्या जीपमध्ये होते.

पहिला हॉल्ट ओलांडल्यावर हमाल मागून म्हणाला, "नाईक, आपल्याले ताण देऊन राहिले काय गा? मृगाचा बहार धरायचा दिसते."

संत्र्याला बहार यावा म्हणून उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. नाईक मागे न पाहता म्हणाला, "बहार नाही येत बे अशानं. फांद्या वाळतीन. चाल मुकाट्यानं."

दुसऱ्या हॉल्टवर पाण्याचा टँकर मिळायचा होता. तो आलेला नव्हता. बाटल्या तपासायला कॅप्टन असायचे होते, ते टँकर शोधायला गेले होते. सुभेदार मागे पडलेल्यांना घेऊन येत होते. हॉल्टवर दोन बाभळी होत्या आणि त्यांच्या सावलीत दोनच माणसं मावत होती. कंपनी उन्हात बसली. प्रत्येकाच्या मांडीवर भरलेली बाटली होती. तपासणारा आल्याशिवाय ती उघडता येत नव्हती. एकदोघांनी बाटली कानाशी धरून हलवली. उघडली कोणीच नाही.

काही वेळाने विक्रेत्याचा घाम थांबला. तो नाईककडे वळला आणि दुकानातल्या आवाजात म्हणाला, "अस्तर किती देऊ, भाऊसाहेब?"

हमाल हसला. नाईक हसला नाही.

"मीटरभर पुरेल," विक्रेता म्हणाला आणि कडेला कलंडला.

नाईकने स्वतःची बाटली उघडली आणि अर्धी त्याच्या डोक्यावर, अर्धी तोंडात ओतली. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "प्या रे सगळे."

"नाईक, हुकूम—" एक जण म्हणाला.

"हुकूम मी पाहून घेईन. तू पी."

आम्ही प्यालो. शेजारच्या सेक्शनची माणसं आमच्याकडे पाहत होती. त्यांच्या बाटल्या बंदच राहिल्या.

कॅप्टन परतले तेव्हा टँकर त्यांच्यामागे होता. त्यांनी आधी विक्रेत्याला आपल्या जीपमध्ये घालून दवाखान्यात पाठवलं, त्यात त्यांनी क्षणभरही घालवला नाही. मग बाटल्या तपासल्या. सगळ्या कंपनीच्या भरलेल्या, एका सेक्शनच्या रिकाम्या. त्यांनी विचारलं, "किसने बोला?" नाईक एक पाऊल पुढे आला. "मैंने, साब."

विक्रेता वाचला. दवाखान्यातून कागद आला, त्यावर जवानाला ऊन लागल्याचं लिहिलं होतं. कंपनीकडून कागद गेला, त्यावर नाईकने हुकूम मोडल्याचं लिहिलं होतं. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. त्या एका कागदावर कधी आल्या नाहीत.

नाईकवर आरोप लागला. सुनावणी कर्नलसमोर होणार होती आणि त्याच्या फिती जाणार याबद्दल बराकीत कोणाला शंका नव्हती. सुनावणीच्या आदल्या दिवशी दरबार होता.

दरबार म्हणजे महिन्यातून एकदा सगळी पलटण एका शामियान्यात बसते आणि कमान अफसर समोर येऊन विचारतात, कोणाला काही सांगायचंय का. साध्या शिपायालाही उभं राहून थेट बोलता येतं. ही रीत जुनी आहे आणि कागदावर फार चांगली आहे. प्रत्यक्षात तिची तालीम होत असे. दरबाराच्या आदल्या दुपारी सुभेदार बराकीत आले आणि आम्ही दरबारात काय बोलायचं ते त्यांनी वाटून दिलं.

"तू कँटीन के साबुन का पूछेगा. तू मच्छरदानी का. बाकी, सब ठीक है. अखबार!"

अखबार म्हणजे मी.

"तुम पीछे बैठोगे. खंभे के पीछे."

हमाल उभा राहिला. "साब, वो नाईकका—"

"बैठ. नाईक का मामला चल रहा है. चलते मामले पर दरबार में बात नहीं होती. और दूसरे के लिए दरबार में कोई नहीं बोलता. अपनी तकलीफ, अपने मुँह से. दो आदमी मिलके बोले तो फौज में उसका नाम दूसरा है. मालूम है ना?"

मालूम होतं. शिबिराच्या पहिल्याच दिवशी बंड हे नाव आम्हाला सांगितलं होतं आणि त्याची शिक्षाही. सुभेदार हे सगळं रागाने बोलले नाहीत. रस्ता कुठे खचलाय ते सांगावं तसं ते बोलत होते. जाताना दारात थांबून त्यांनी नाईककडे पाहिलं आणि ते गेले.

पत्रा तापला होता. नाईक खाटेवर बसून बुटाचे बंद ओवत होता.

"तूच सांग ना उभा राहून," हमाल त्याला म्हणाला. "साहेब काही खाऊन नाही टाकत."

"माहा मामला हाय म्हणून मले बोलता येत नाही," नाईक म्हणाला. "तुमचा नाही म्हणून तुमाले येत नाही."

"मग कोणाले येते?"

"कोणालेच नाही."

"बढिया काम हाय," हमाल म्हणाला. "आमच्या बाजारात दलाल बी असं बांधून ठेवत नाही माणसाले."

नाईकने एक बंद पूर्ण ओवला आणि दुसरा घेतला. मग आपल्या बाहीकडे पाहत म्हणाला, "फीत काढली तं डाग राहते गा. बाकी शर्टाचा रंग उडते, तेवढंच गडद राहते. शाळेतलं पोरगंही वाचीन."

"दुसरा शर्ट घे ना."

"गावात दुसरं तोंड कुठून आणू?"

रस्त्यावरून काटोलची एसटी गेली. त्या दुपारी मी मनात अनेक वाक्यं तयार केली, नियमात बसतील अशी. संपादकीय कामात मी दिवसभर हेच करत असे, एखाद्या वाक्यातून कायद्याला अडकेल असा शब्द काढायचा. इथे शब्द काढत गेलो की शेवटी काहीच उरत नव्हतं. माझं दुखणं काय, तर मला पाणी मिळालं होतं. तक्रार करायला मला जागाच नव्हती.

दरबाराच्या सकाळी शामियान्यात सगळे मांडी घालून बसलो. नाईक आमच्याच रांगेत होता, मी खांबाच्या मागे. पण खांब सडपातळ होता आणि मला सगळं दिसत होतं. समोर खुर्चीवर कर्नल, बाजूला कॅप्टन, कडेला उभे सुभेदार. कर्नल दक्षिणेकडचे होते, हिंदी सावकाश बोलत.

"कोई पॉइंट?"

साबणवाला उभा राहिला आणि त्याने कँटीनच्या साबणाचं विचारलं. उत्तर मिळालं. त्यानंतर मच्छरदाणीवाल्याची पाळी होती. पण कर्नल खुर्चीवरून उठले आणि रांगांमधून चालत आले. हे तालमीत नव्हतं. ते हमालापाशी थांबले. तोच का, ते सांगता येणार नाही. तो अंगाने सगळ्यात मोठा होता, कदाचित म्हणून.

"लंबी चाल में पानी पूरा पड़ा?"

याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. जी साब. हमाल उभा राहिला.

"पूरा पड़ा साब. पियाच नहीं, तो बचेंगाच ना."

मागे कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

"क्यों नहीं पिया?"

"हुकुम था साब."

"किसका?"

"आपका, साब."

कर्नल त्याच्याकडे पाहत राहिले. "मेरा?"

"हमको तो वोईच बताया साब. बोतल भरी हुई चाहिए. मेरी बोतल बहोत देर भरी हुई थी."

हमालाने फक्त स्वतःबद्दल सांगितलं होतं. नाईकचं नाव घेतलं नव्हतं, कोणाची तक्रार केली नव्हती. सुभेदारांनी वाटून दिलेल्या नियमांपैकी त्याने एकही मोडला नव्हता.

कर्नल पुन्हा समोर गेले पण बसले नाहीत. ते म्हणाले, दुसऱ्या हॉल्टवर तपासणी झाली तेव्हा ज्याची बाटली भरलेली होती त्याने हात वर करावा. आधी एक हात वर गेला, मग आमच्या कंपनीभर हात दिसू लागले. आमची रांग तेवढी खाली होती. कर्नलनी त्या रांगेकडे पाहिलं, मग रांगेतल्या नाईककडे.

सुभेदार कडेवरून सावधान होत म्हणाले, "हुकुम मैंने दिया था, साब."

"आप बैठिए, साहब," कर्नल म्हणाले. सुभेदारांना बसायला तिथे जागा नव्हती. ते उभेच राहिले.

"मैंने कहा था, पानी संभालके पीना. टँकर दूसरे हॉल्ट पे मिलेगा. इतना ही. वो आपके पास दूसरा होके पहुँचा. मैं जीप में था. पैदल होता तो पता चलता. गलती मेरी है. अगली बार मैं पैदल चलूँगा, और जिसको प्यास लगेगी वो पिएगा."

कॅप्टन समोर सरळ पाहत होते, त्यांचे कान लाल झाले होते. कर्नलनी पुन्हा विचारलं, "और कोई पॉइंट?"

मच्छरदाणीवाला उभा राहिला. त्याला हुकूम होता. त्याने विचारलं, "साब, मच्छरदानी... छोटी है."

दुपारी सुभेदार बराकीत आले. हमाल खाटेवरून उठला. सुभेदारांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तूने अपनी ही बात की," ते म्हणाले. "ठीक है." आणि शिबिर संपेपर्यंत त्याची नेमणूक संडासांच्या सफाईवर केली.

"चलेंगा साब," हमाल म्हणाला. "वहाँ पानी की कमी नहीं है."

सुभेदारांची मिशी किंचित हलली. त्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही.

हुकूम कसा बदलला ते सुनावणीत स्पष्ट झालं. कर्नल म्हणाले होते, पाणी जपून वापरा. कॅप्टननी ते पुढे सांगताना दुसऱ्या हॉल्टपर्यंत बाटली उघडू नये असं केलं, म्हणजे जपण्याचा प्रश्नच राहणार नाही. सुभेदारांना वाटलं, उघडली नाही हे कळणार कसं, म्हणून त्यांनी तपासणी जोडली. प्रत्येकाने आपल्या बाजूने थोडी खबरदारी घेतली होती. वर्तमानपत्रातही बातमी अशीच एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना घट्ट होत जाते, हे मला ठाऊक होतं. तिथे चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. उलट दिशेने मात्र गोष्ट मऊ होत गेली होती. माणूस बरळत कोसळला, हे कर्नलपर्यंत पोचलं ते असं: एका जवानाला ऊन लागलं, आता ठीक आहे.

सुनावणीला मला साक्षीदार म्हणून बोलावलं. मी पाहिलं ते सांगितलं आणि भिंतीला लागून उभा राहिलो. नाईकला टोपी आणि पट्टा काढून आत आणलं होतं, आरोपीला तसंच आणतात. पट्ट्याशिवाय त्याचा शर्ट सैल दिसत होता. खोलीत कर्नल, कॅप्टन, सुभेदार आणि आम्ही दोघं. पंखा फिरत होता आणि वारा लागत नव्हता.

कर्नलनी विचारलं, "हुकुम तुमको ठीक से समझ में नहीं आया था. ऐसा था क्या?"

तो प्रश्न नव्हता, दार होतं, आणि ते पूर्ण उघडं होतं. नाईकला फक्त मान हलवायची होती.

"आया था, साब."

"सोचके बोलो."

नाईकने विचार केला.

"नहीं समझा बोला, तो सुभेदार साब ने बराबर नहीं बताया, ऐसा होता है. उन्होंने बराबर बताया था. मैंने सुना, समझा, और तोड़ा."

सुभेदार समोरच्या भिंतीकडे पाहत होते. कॅप्टननी काहीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला, कर्नलनी हात वर केला.

कर्नल आता काय करू शकत होते, ते मी भिंतीशी उभा राहून मोजत होतो. आदल्या दिवशी सगळ्या पलटणीसमोर त्यांनी चूक आपली म्हटली होती. शिक्षा केली तर ते बोलणं खोटं ठरत होतं. सोडून दिलं तर तहान लागलेला कोणताही नाईक कोणताही हुकूम मोडू शकतो, असा अर्थ निघत होता, आणि समोरच्या माणसाने आपण हुकूम मोडल्याचं स्वतःच्या तोंडाने दोनदा सांगितलं होतं. खोट्याचं दार त्यांनीच उघडून दिलं होतं. तो त्यातून गेला नव्हता.

त्यांनी पेन उघडलं आणि स्वतः लिहिलं. मग वर पाहून म्हणाले, "फीता नहीं जाएगा."

नाईकचे खांदे थोडे खाली आले.

"सख्त ताकीद दे रहा हूँ. ये तुम्हारे रिकॉर्ड में लाल स्याही से चढ़ेगी. मैं तुमसे झूठ नहीं बोलूँगा. इसके रहते हवालदार बनना करीब करीब नामुमकिन है. इससे कम मैं दे नहीं सकता. और इससे ज़्यादा देने का मुझे हक नहीं है. कुछ कहना है?"

"नहीं, साब."

"तुम्हारा जवान ज़िंदा है. वो मैंने लिखा है, उसी कागज़ पर."

"जी, साब."

बाहेर ऊन होतं. नाईकने ओट्यावर थांबून पट्टा कमरेला लावायला घेतला. हमाल संडासांकडून हातात बादली घेऊन धावत आला आणि लांबूनच त्याच्या बाहीकडे पाहून ओरडला, "वाचली ना गा!"

"वाचली."

"मग तोंड काहून असं?"

नाईकने त्याला लाल शाईचं सांगितलं. हमालाने बादली खाली ठेवली.

"म्हणजे माह्यानं फायदा झाला का नुसकान?"

"फायदाच झाला. नाहीतर गेली असती."

"पण हवालदार नाही."

"नाही. खालीही नाही, वरतही नाही."

"त्या साहेबानं बोलायलेच नको होतं असं," हमाल म्हणाला. "गोड बोलून ताकीद दिली असती, तुले कळलंही नसतं. दरवर्षी आशेनं आला असता."

"तोंडावर सांगितलं थे बरं केलं," नाईक म्हणाला. "पहिल्यांदाच कोणी सांगितलं." पट्ट्याचा हुक अडकत नव्हता, त्याने तो दोनदा काढून पुन्हा लावला. "पण आता माहीत हाय ना. माहीत असून यावं लागीन."

"येऊ नको मग."

नाईकने तारेपलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं आणि मग हमालाकडे. "अन् शाळेत काय सांगू?"

हमालाने बादली उचलली. मैदानावर संध्याकाळच्या कवायतीची शिटी वाजली. नाईकने टोपी घातली, आमच्या बराकीपुढे जाऊन उभा राहिला आणि सेक्शनला फॉल-इन व्हायला सांगितलं. आम्ही रांग धरली. तो पुढे उभा राहिला, त्याच्या नेहमीच्या जागी.